दर्शनी खिडकीतील बाळंतीण

वैद्य आजारी पडला तर जग त्यास क्षमा करते, आणि शिंप्याच्या सदऱ्याचे बटण तुटलेले दिसले तर हसून सोडून देते. परंतु ज्याने गाद्यांचे दुकान चालवायचे त्यासच जर झोप येत नसेल, तर त्या मनुष्याने तोंड लपवावे कोठे? उशीत लपवावे म्हटले तर उशाही त्याच्याच दुकानातल्या.

प्रस्तुत कथेचे नायक नेमक्या याच संकटात सापडले होते. सारी पेठ त्यांना गादीवाले म्हणत असे, आणि पेठेतील प्रत्येक घर त्यांनी विकलेल्या गादीवर घोरत असे. ते स्वतः मात्र छताकडे पाहत पडून राहत. त्यांनी पाढे म्हणून पाहिले, उलटे म्हणून पाहिले. एकदा दुकानातील गाद्या मनातल्या मनात मोजू लागले, तर एक कमी भरली, आणि उरलीसुरली झोपही उडाली. पत्नीखेरीज ही गोष्ट कोणासही ठाऊक नव्हती. ती माउली त्यांच्याबरोबर जागी राही, आणि "लागला का हो डोळा?" असे मधूनमधून विचारून लागत आलेला डोळा उघडीत असे.

हे गुपित जपण्यास सबळ कारण होते. दुकान सासऱ्यांनी उभारलेले. त्यांच्या पश्चात ते थोरल्या जावयाकडे, म्हणजे गादीवाल्यांच्या साडूंकडे गेले. आणि धाकट्या जावयाच्या वाट्यास व्यवस्थापकपद आले. थोरले साडू शहराच्या दुसऱ्या टोकास गोदाम सांभाळीत. त्यांचा आवाज त्या गोदामातच घडलेला असल्यामुळे तो चार भिंतींत मावत नसे. "तुमचा चेहरा म्हणजे आपल्या दुकानाची जाहिरात," असे ते गादीवाल्यांना नेहमी बजावीत. "तो मरगळलेला दिसला की धंदा बसला म्हणून समजा."

आणि मागल्या आठवड्यात आक्रीत घडले. एका गिऱ्हाइकास गादीचे गुण सांगता सांगता गादीवाल्यांना जांभई आली. जांभई येणे आणि झोप येणे या दोन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत हे ज्याला झोप येत नाही त्यासच कळते. गिऱ्हाईक तडक निघून गेले, आणि बातमी गोदामापर्यंत पोचली.

"गुरुवारी दुपारी मी स्वतः येऊन बघतो," थोरल्या साडूंनी फोनवर सांगितले. फोन नसता तरी चालले असते. "चेहरा टवटवीत असला तर ठीक. नाहीतर तुम्ही गोदामात बसा. तिथे उशांशिवाय तुमचं तोंड कुणी बघणार नाही."

गादीवाल्यांनी बुधवारची रात्र टवटवीत होण्याच्या चिंतेत जागून काढली. गुरुवारी सकाळी थंड पाण्याने डोळे धुऊन त्यांनी दुकान उघडले. रस्त्याकडेच्या काचेच्या खिडकीत दुकानातील सर्वोत्तम गादी मांडलेली असे, आणि तिच्यावर आकाशी रंगाची रेशमी रजई. त्या रजईच्या घडीत आज पेठेतील ती बेवारस करडी मांजर, जिचा एक कान कुठल्याशा लढाईत फाटला होता, पाय पसरून पहुडली होती. तिच्या पोटाशी चार पिल्ले एका ओळीत चिकटली होती, जणू ओल्या लोकरीचे चार गुंडे कोणी तेथे विसरून गेले असावे. वरचा झरोका उघडा राहिला होता.

"हे बघ," गादीवाले हळूच म्हणाले, "आज नको."

मांजरीने त्यांच्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. इतक्या सहजपणे कोणी डोळे मिटू शकते हे पाहून गादीवाल्यांच्या अंतःकरणात असूयेची एक बारीक कळ उठली.

त्यांनी रजईचे टोक धरले, इतक्यात शेजारच्या शिवणवाल्या मावशी दारात प्रकटल्या. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी आणि ओठांत टाचण्या असत, आणि टाचण्या न काढता बोलण्याची विद्या त्यांना अवगत होती.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "माणसाचा वास लागला तर आई पिल्लांना टाकून जाते."

"अहो मावशी, दुपारी आमचे साडू येताहेत."

"येईनात का. तिला थोडंच दाखवायचंय त्यांना?"

"मग हिला हलवायचं कसं?"

"आपणच जाईल ती. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते."

"पण कधी?"

"तिच्या मनाला येईल तेव्हा. बाळंतिणीला कुणी घाई करतं का? आणि तो उजेड आधी बंद करा. पिल्लांचे डोळे उघडले नाहीत अजून."

बाळंतिणीला घाई करू नये हे ऐकताच गादीवाल्यांना दुकानाचा कायदा आठवला. सासऱ्यांचा दंडक असा की गिऱ्हाइकाने गादीवर खुशाल पडून पाहावे. पलंगाच्या पायथ्याशी 'चाचणी चालू आहे' अशी लाकडी पाटी लटकवावी. आणि गिऱ्हाईक आपण होऊन उठेपर्यंत त्यास उठवू नये. या दंडकात गिऱ्हाइकास किती पाय असावेत याचा उल्लेख नव्हता. गादीवाले नियमाने चालणारे गृहस्थ होते. त्यांनी एक फुलाफुलांची चादर घेऊन खिडकीस आतून पडदा लावला, आणि शास्त्राप्रमाणे पाटी अडकविली. पलंगाचा पायथा काचेला टेकलेला असल्यामुळे ती पडद्याच्या पुढे, रस्त्याच्या बाजूस आली, एवढेच.

परिणामाची कल्पना त्यांना आली नाही, आणि सज्जन मनुष्यास ती यावी तरी कशी? गाद्यांच्या दुकानाची खिडकी, तिच्यात पलंग, पलंगाभोवती पडदा, आणि पडद्याबाहेर 'चाचणी चालू आहे' ही पाटी. पाहता पाहता पदपथावर माणसे जमली. कामावर निघालेले कामाला उशीर करून थांबले. कोणी काही बोलत नव्हते, फक्त एकमेकांकडे पाहत होते, आणि जे बोलत नव्हते तेच वाऱ्यावर स्वार होऊन गादीवाल्यांच्या घरी पोचले.

पत्नी हातातले काम टाकून आल्या. पदर खोचलेला होता.

"खिडकीला पडदा का लावलाय?"

"हळू बोल. आत झोपलीय."

"कोण?"

"बाळंतीण," गादीवाले कौतुकाने म्हणाले. "सकाळी दुकान उघडलं तर इथेच. बिचारीला जायला घर नाही. म्हटलं, असू दे."

पत्नी काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिल्या. संसाराची इतकी वर्षे त्यांच्या नजरेसमोरून एका रांगेत निघून गेली असावीत. मग त्यांनी पडदा बाजूला सारला. मांजरीने मान वर करून त्यांना एकदा पाहिले, आणि पुन्हा पिल्लू चाटू लागली.

"तुम्हाला ना," पत्नी खाली बसत म्हणाल्या, "नीट सांगता म्हणून येत नाही."

"मी नीटच सांगितलं."

"काही खाल्लं का तिने?"

गादीवाल्यांनी चहाच्या बशीत दूध ठेवले होते, ते तसेच होते. पत्नीने घरून उकडलेले अंडे आणवले, कुस्करून पुढे ठेवले, आणि मांजरीने ते अशा सावकाशीने खाल्ले की जणू यजमानांची चूक वेळेवर सुधारली म्हणून तिने ती मनावर घेतली नव्हती.

एवढ्यात समोरचे चष्मेवाले रस्ता ओलांडून आले. ते व्यापारी संघाचे कार्यवाह असल्यामुळे कोणाकडेही पाहताना चष्म्याच्या काचेतून न पाहता तिच्यावरून पाहत, आणि समोरच्या मनुष्यास आपण अर्ज असल्याचा भास होई.

"दर्शनी खिडकीत जिवंत प्राणी ठेवायला संघाची मनाई आहे," ते म्हणाले.

"मी ठेवलेली नाही. ती आली."

"कालपर्यंत ती माझ्या पायरीवर बसायची."

"मग तुम्हीच का नाही ठेवून घेतली?"

"विषय बदलू नका. मला संघात उत्तर द्यावं लागतं. दुकानात तीनच प्रकार असू शकतात. माल, नोकर आणि गिऱ्हाईक. ही यातली कोण?"

गादीवाले विचारात पडले. माल म्हणावा तर ती विकावयाची नव्हती. नोकर म्हणावी तर सकाळपासून तिने काडी हलविली नव्हती. तथापि या दुसऱ्या कारणावरून कोणास नोकर मानावयाचे नाही असे ठरविले तर पेठेतील बरीच दुकाने ओस पडतील, हे त्यांनी मनातच ठेवले.

"गिऱ्हाईक," ते म्हणाले.

"सकाळपासून गादीवर पडून राहायचं आणि विकत काही घ्यायचं नाही, असलं कसलं गिऱ्हाईक?"

"माझ्याकडे बहुतेक असलीच येतात."

चष्मेवाल्यांना हे नाकारता येईना. त्यांच्याकडेही चष्मे लावून आरशात पाहून जाणारेच अधिक. "पण तिच्याबरोबर चार जण आहेत," त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"लहान मुलं आईबरोबर येतातच की," पत्नी म्हणाल्या. आणि कायदा तेथे खुंटला.

दुपार कलू लागली. आभाळ भरून आले होते, परंतु पावसाची घाई दिसत नव्हती. फुलाफुलांच्या पडद्यातून गाळून येणारा प्रकाश दुकानभर पसरला, आणि पांढऱ्या चादरींवर फिकट पाकळ्या उमटल्या. अशा वेळी मांजरीने पहिले घर सोडावयाचे ठरविले. एका पिल्लाची मानगूट धरून ती खिडकीतून उतरली आणि दुकानाच्या आतल्या भागात निघाली.

आतला भाग म्हणजे गादीवाल्यांच्या अभिमानाचा विषय. तेथे लाकडी आडभिंती घालून नमुन्याच्या निजायच्या खोल्या मांडल्या होत्या: एक नवदांपत्याची, एक मुलांची, एक वृद्धांची, एक पाहुण्यांची. मांजरीच्या दृष्टीने ती सारी वेगवेगळी घरेच होती, आणि एका छपराखाली इतकी घरे मिळाल्यावर कोणती आई उन्हातान्हात भटकेल? तिने नवदांपत्याची खोली पसंत केली.

दुर्दैव असे की खरेखुरे नवदांपत्य त्याच वेळी दुकानात होते. पाटी वाचून तेही चाचणीसाठी आले होते. नवरी गादीवर आडवी झाली, आणि उशीखालून एक सूक्ष्म आवाज आला.

"यात काहीतरी आहे," ती म्हणाली.

"स्प्रिंग असेल," नवरा म्हणाला.

"स्प्रिंग म्याँव करते का?"

मांजर दुसरे पिल्लू घेऊन आली, नवरीच्या कुशीत ठेवून गेली, तिसरे आणले, चौथे आणले, आणि शेवटी स्वतः येऊन तिच्या दंडाशी टेकून पडली. मग तिने तो आवाज सुरू केला. मांजरीचे घुरघुरणे सर्वांनी ऐकलेले असते. परंतु लाकडी आडभिंतींच्या आणि कापसाच्या त्या दुकानात ते काही निराळेच झाले. ते भिंतीत शिरले, पलंगांच्या पायांत उतरले, आणि दूर कोठे तरी कोणी जात्यावर दळीत बसले असावे तसे सगळ्या दुकानाखालून वाहू लागले. नवरी बोलता बोलता थांबली. नवरा तिला उठवावयास वाकला, आणि वाकलेला तो तसाच कलंडला.

गादीवाल्यांनी मुकाट्याने त्या पलंगास पाटी लावली.

शिवणवाल्या मावशी पिल्लांची चौकशी करावयास आल्या आणि पाहुण्यांच्या पलंगावर टेकल्या. "पाठ जरा..." एवढे म्हणून त्यांनी प्रथमच ओठांतल्या टाचण्या काढून उशाशी ठेवल्या आणि त्या कुशीवर वळल्या. चष्मेवाले, संघाच्या वतीने पाहणी करावयाची म्हणून, मुलांच्या खोलीत शिरले. तेथे पलंग आखूड होता. त्यांनी पाय पोटाशी घेतले, चष्मा डोळ्यांवरच राहिला, आणि स्वप्ने तरी स्पष्ट दिसावीत असा त्यांचा हेतू असेल तर तो सफल झाला असावा, कारण ते झोपेत हसत होते. पदपथावरचे बघे एकेक करून आत आले आणि उरलेल्या गाद्यांवर विसावले. कोणी कोणास काही विचारले नाही. येणारा प्रत्येक जण पावले हळू टाकू लागे, मग आवाज हळू करी, मग नाहीसा होई.

सर्वांत शेवटी पत्नी. "मी जरा वृद्धांची खोली झटकून घेते," असे म्हणून त्या गेल्या, आणि बराच वेळ झटकल्याचा आवाज आला नाही. गादीवाल्यांनी जाऊन पाहिले. त्या हातात फडके धरून झोपल्या होत्या. किती दिवसांची झोप होती ती कोण जाणे. त्यांनी फडके हळूच सोडवून घेतले आणि अंगावर चादर घातली. मग ते तेथेच उभे राहिले. दुकानभर माणसे तळ्यावर पाने तरंगावीत तशी गाद्यांवर तरंगत होती. एवढ्या निद्रेच्या महापुरात कोरडा राहिलेला मनुष्य एकच होता, आणि तो दुकानाचा व्यवस्थापक होता.

मनुष्याचा अपमान करावयास शिव्याच द्याव्या लागतात असे नाही. त्याच्यादेखत सर्वांनी झोपून जावे, एवढेही पुरते. गादीवाले गल्ल्याजवळच्या आपल्या खुर्चीवर येऊन बसले आणि ताठ झाले. डोळे आत भट्टी पेटावी तसे जळत होते.

नेमक्या त्या क्षणी दारात थोरले साडू उभे राहिले.

त्यांनी पडदा पाहिला. पाट्या पाहिल्या. आडवी माणसे पाहिली. छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडले.

गादीवाल्यांनी ओठांवर बोट ठेवले. ते त्यांनी कसे ठेवले हे त्यांचे त्यांनाच कळले नाही. या मनुष्यासमोर एरवी त्यांचा हात खिशातून निघत नसे. "दादासाहेब," ते कुजबुजले, "गिऱ्हाइकं झोपलीत."

थोरल्या साडूंचा श्वास अडकला. दंडक त्यांच्याही सासऱ्यांचा होता. पाय न वाजविता खुर्चीपाशी येऊन त्यांनी एक वेताचा बुटका मोडा ओढला आणि समोर बसले.

"हे काय चाललंय?" ते कुजबुजले. त्यांना कुजबुजण्याची सवय नव्हती. शब्द निम्मे आत आणि निम्मे बाहेर असे येत होते, आणि दरारा आतल्याच निम्म्यात राहून जात होता.

"एक मांजर व्यालीय."

"मग ही माणसं कशाला झोपलीत?"

"ते मलाही कळलेलं नाही."

"आणि तुमचे हे डोळे? टोमॅटो परवडले. मी काय सांगितलं होतं? कशाने झाले असे?"

खोटे बोलण्यास मोठा आवाज सोयीचा असतो. कुजबुजत खोटे बोलू पाहणाऱ्यास ते स्वतःलाच ऐकू येते. गादीवाल्यांनी मान खाली घातली.

"दादासाहेब, मला झोप येत नाही."

"काल रात्री?"

"कित्येक महिने. मुलगी परगावी नोकरीला गेली ना, तेव्हापासून. तिची वटवट असायची, पावलं वाजायची, दार आपटायची. आता घर इतकं शांत असतं की काही ऐकू येतंय का म्हणून मी ऐकतच राहतो."

थोरल्या साडूंनी मोडा उचलून थोडा पुढे घेतला. आत कोठे तरी ते घुरघुरण्याचे जाते फिरत होते.

"म्हणजे आपल्या गाद्यांचा दोष नाही," अखेर ते म्हणाले.

"मुळीच नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फार मोठ्याने विचारत होतात."

थोरल्या साडूंनी आपल्या बुटांकडे पाहिले. तेवढ्यात मांजर बाहेर आली. तोंडात पिल्लू होते. नवदांपत्य झोपेत कूस बदलत असल्याने तिला ते घर आता सुरक्षित वाटेना. ती मुलांच्या खोलीत डोकावली, तेथे चष्मेवाले होते. पाहुण्यांकडे मावशी होत्या. वृद्धांच्या खोलीच्या दाराशी ती क्षणभर थबकली आणि मागे फिरली. गावातील सारी घरे भरलेली पाहून परतणाऱ्या प्रवाशासारखी ती दुकानाच्या मध्यभागी उभी राहिली. मग सरळ खुर्चीकडे आली, उडी मारली, आणि पिल्लू गादीवाल्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेली.

"हलू नका," थोरले साडू नकळत म्हणाले.

"नाही हलत."

तिने दुसरे आणले. तिसऱ्याला मांडीवर जागा नव्हती, ते तिने सदऱ्याच्या आणि पोटाच्या मधल्या फटीत सरकविले. चौथे घेऊन ती आली ती गेलीच नाही. गादीवाल्यांच्या छातीवर पुढचे पाय ठेवून तिने त्यांच्या हनुवटीखाली डोके खुपसले आणि आपले काम पुन्हा सुरू केले.

"तर गोदामाचं असं आहे," थोरले साडू कुजबुजू लागले. "मी तुम्हाला तिथे बसवायचं म्हणत होतो खरा. पण तिथे उंदीर फार झालेत. म्हणजे माणसापेक्षा तिथे... हे आपलं मी सुचवतोय. ही इथली मांजर मोठी झाली, म्हणजे पिल्लं मोठी झाली, की एखादं तिकडे. बाकी तुम्ही इथेच बरे. पेठ तुम्हाला ओळखते. आणि मुलीला जरा फोन करत जा म्हणावं घरी. मोठ्याने बोलायला सांगा तिला. ऐकताय ना?"

उत्तर आले नाही.

थोरल्या साडूंनी वर पाहिले. गादीवाल्यांची मान एका खांद्यावर कलली होती. तोंड उघडे होते. एक हात पोटावरल्या पिल्लाभोवती वाटीसारखा वळला होता. कपाळावरची आठी, जी थोरल्या साडूंना या मनुष्याच्या चेहऱ्याचा एक अवयवच वाटत आली होती, ती तेथे नव्हती. मग त्या उघड्या तोंडातून एक दीर्घ, सुसंस्कृत घोरणे निघाले, आणि दुकानाच्या चारी कोपऱ्यांतून त्यास साथ मिळाली.

बाहेर आता पावसाचे थेंब पडू लागले होते. एक वयस्क गृहस्थ छत्री मिटीत दारात आले. "गादी घ्यायचीय," ते म्हणाले. "इथले व्यवस्थापक फार चांगले आहेत असं ऐकलं. कुठे आहेत ते?"

थोरले साडू मोड्यावरून उठले, चवड्यांवर चालत दारापाशी गेले, आणि जेमतेम ओठ हलवून म्हणाले,

"झोपलेत. तुम्ही उद्या या."